तारखांची वही एकच हवी

खेड्यातल्या माणसाचे नुकसान कीड करते, अवकाळी पाऊस करतो, दलाल करतो. यावर बोलणारे पुष्कळ आहेत. चुकलेली तारीख किती नुकसान करते, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. विम्याचा हप्ता भरायला गेलो, तर मुदत कालच संपली. शेतीशाळेला गेलो, तर ती परवाच झाली. दिवसाची मजुरी बुडवून दाखल्यासाठी गेलो, तर साहेब तालुक्याला मिटिंगला. यातले एकही नुकसान पंचनाम्यात येत नाही. पण वर्षाअखेर बेरीज केली, तर ती लहान भरणार नाही.

खरीप पीक विम्याचेच घ्या. २०२३ साली मुदत ३१ जुलै होती, ती ३ ऑगस्टपर्यंत वाढली. २०२४ साली आधी १५ जुलै सांगितली, मग ३१ जुलै झाली. २०२५ साली ३१ जुलै होती, ती बिगर कर्जदार शेतकऱ्यांसाठी १४ ऑगस्टपर्यंत गेली. तीन वर्षे आणि सहा तारखा. मुदतवाढ मिळाली हे चांगलेच झाले. पण पहिल्या तारखेचा फोटो ज्या ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला, तिथे तिथे दुसऱ्या तारखेचा फोटो पोचलाच असे नाही. उलट जुना फोटो पुढच्या वर्षीही फिरतो. त्यावर साल लिहिलेले नसते. वाचणारा बिचारा तीच तारीख खरी धरून चालतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की गावाच्या तारखा नकला करून वाटू नयेत. त्या एकाच वहीत लिहाव्यात, आणि ती वही सगळ्यांना आपापल्या फोनवर उघडता यावी. आज ही सोय फुकट उपलब्ध आहे. गूगल कॅलेंडर २००६ सालापासून आहे आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीच बसवलेले येते. आपण त्याचा उपयोग फार तर वाढदिवस बघण्यापुरता करतो.

जुनीच रीत, नवे साधन

तारखा सामायिक ठेवणे हे आपल्याला नवीन नाही. आठवडे बाजाराचा वार ही गावाने धरलेली सगळ्यात जुनी सामायिक तारीख. पंचक्रोशीतल्या कोणालाही विचारा, बाजार कोणत्या वारी हे झोपेतही सांगेल. दवंडी होती, तेव्हा कोतवाल डफडे वाजवून तारीख सांगत असे. पण दवंडीत एक उणे होते. जो त्या वेळी रानात होता त्याला ती ऐकू येत नसे, आणि सांगितलेली तारीख पुढे गेली तर पुन्हा दवंडी द्यावी लागे. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप म्हणजे आजची दवंडीच आहे. आवाज मोठा झाला, उणे तेच राहिले.

शेती खात्यातल्या जुन्या माणसांना १९८०च्या दशकातली प्रशिक्षण आणि भेट योजना आठवत असेल. जागतिक बँकेच्या मदतीने ती देशभर राबवली गेली. तिचा सगळा कणा वेळापत्रकात होता. विस्तार कार्यकर्त्याने पंधरवड्यातल्या ठराविक वारी ठराविक गटाकडे जायचेच. शेतकऱ्याला ठाऊक असे, की अमुक मंगळवारी माणूस आपल्या बांधावर येणार. त्या योजनेवर टीका पुष्कळ झाली आणि त्यातली काही रास्तही होती. पण वार ठरलेला आणि सर्वांना ठाऊक, ही तिची गोष्ट लाखमोलाची होती. योजना गेली, तिच्याबरोबर तो वारही गेला.

आणि घरातली भिंत? जयंतराव साळगावकरांचे कालनिर्णय १९७३ साली निघाले आणि घराघरांत खिळ्याला लागले. दुधाचा हिशेब, सिलिंडर आल्याची तारीख, गाय कधी भरवली, मुलीची परीक्षा, सगळे त्याच चौकटीत. ते सामायिक होते, कारण भिंत एक होती आणि घरातला कोणीही पेन्सिल घेऊन लिहू शकत होता. आता घर चार ठिकाणी विखुरलेले. थोरला पुण्याला, धाकटा वसईला, म्हातारे गावात. भिंत एक राहिली नाही, म्हणून वही फोनमध्ये न्यायची. तत्त्व तेच आहे.

मीरा-भाईंदरचेच उदाहरण

कोणी म्हणेल, हे शहरवाल्यांचे चोचले आहेत. म्हणून मुद्दाम शहरातलेच उदाहरण घेतो, पण शहरातल्या गावाचे. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ साली झाली आणि महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी. आज बाहेरच्याला तिथे फक्त इमारती दिसतात. पण भाईंदरच्या पश्चिमेला राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन, पाली, चौक ही गावे आहेत. पूर्वेच्या अंगाला काशी, घोडबंदर, चेणे, वरसावे. भात, भाजीपाला आणि मासेमारी हे या गावांचे जुने धंदे.

या माणसांची गंमत अशी, की ग्रामपंचायत गेली तेव्हा ग्रामसभाही गेली. इतर गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभेत निदान दहा गोष्टी कानावर पडतात. इथे घरपट्टी महापालिकेकडे, सातबारा महसूल खात्याकडे, शेतीच्या योजना कृषी कार्यालयाकडे, बोटीचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे, डिझेलचा कोटा मच्छीमार संस्थेकडे. पाच दारे, आणि प्रत्येक दारावर वेगळी नोटीस. ज्याचे पोट हातावर आहे, त्याने पाचही दारे रोज हिंडावीत अशी आपली अपेक्षा असते काय?

त्यातून समुद्रावरच्या माणसाला दोन कॅलेंडरे सांभाळावी लागतात. एक सरकारचे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, मासेमारी बंद. दुसरे चंद्राचे. नारळी पौर्णिमा २०२३ साली अधिक श्रावणामुळे ३० ऑगस्टला आली, २०२४ साली १९ ऑगस्टला. डोलीला मासळी लागायची ती पाण्याच्या ओढीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोराची, अष्टमीच्या भांगाला कमी. जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. हिशेब ढोबळ आहे, पण मुंबईच्या किनाऱ्याला तो बराचसा लागू पडतो.

हेच उधाण शेतकऱ्यालाही बघावे लागते. खाडीकाठच्या खारजमिनीत भात करणाऱ्याचा जीव बंधाऱ्यात आणि उघाडीत अडकलेला असतो. पनवेलसारखी खारेपणा सोसणारी भातजात लावली, तरी बंधारा फुटून खाडी शेतात शिरली की पुढे काही उरत नाही. बृहन्मुंबई महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस जाहीर करते. ते दिवस वर्तमानपत्रात छापून येतात आणि रद्दीत जातात. तेच दिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये असतील आणि दोन दिवस आधी फोन आठवण देईल, तर बंधाऱ्यावर चक्कर मारून उघाडीची झडप बघता येईल, फटीत चिखल लिंपता येईल. दोन तासांच्या कामाने हंगाम वाचू शकतो.

हे चालते कसे

आता कामाचे सांगतो. ज्याच्याकडे वही ठेवायची, त्याने संगणकावर गूगल कॅलेंडर उघडून स्वतःच्या कॅलेंडरहून वेगळे असे नवीन कॅलेंडर तयार करावे. त्याला गावाचे नाव द्यावे. मग त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणाला काय अधिकार ते ठरवावे. अधिकार मुख्यतः दोन प्रकारचे असतात. काहींना नुसते पाहता येते, काहींना बदलही करता येतो. बदलाचा अधिकार दोघा-तिघांनाच द्यावा. सामायिक विहिरीवर पाणी सगळे भरतात, पण मोटरची चावी एक-दोघांकडेच असते. इथेही तसेच.

शेतकऱ्याने दिलेल्या लिंकवरून ते कॅलेंडर आपल्या खात्याला जोडून घ्यायचे. इथे एक बारकावा आहे आणि निम्मे लोक तिथेच फसतात. कॅलेंडर दोन तऱ्हांनी घेता येते. एकात आजच्या तारखांची फाइल आपण उतरवून घेतो. ती नक्कल झाली. मूळ वहीत उद्या बदल झाला तरी आपल्याकडे कालचेच राहते. दुसऱ्या तऱ्हेत आपण मूळ वहीला जोडलेले राहतो. तिकडे तारीख बदलली की आपल्या फोनवर आपोआप बदलते. याला सिंक म्हणतात. फाइल उतरवून घेतली आणि सिंक झाले असे समजून बसलो, तर व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो काय वाईट होता?

दुसरी गोष्ट. जोडल्यानंतर फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या नावापुढे खूण आहे का आणि सिंक चालू आहे का, हे एकदा बघावे. आठवणीची घंटी ज्याची त्याने लावायची असते. वही लिहिणाऱ्याने स्वतःच्या फोनला घंटी लावली म्हणून ती तुमच्या फोनवर वाजणार नाही. विम्याला आठ दिवस आधी, उधाणाला दोन दिवस आधी, शेतीशाळेला आदल्या संध्याकाळी अशी घंटी लावलेली बरी.

तिसरी गोष्ट रेंजची. एकदा उतरलेल्या तारखा रेंज नसतानाही दिसतात. नवा बदल मात्र रेंजमध्ये आल्यावरच येतो. चेण्याच्या डोंगराकडेला किंवा बोटीवर असणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. धक्का सोडण्यापूर्वी एकदा कॅलेंडर उघडून बघण्याची सवय लावावी.

कोणाकडे अ‍ॅपलचा फोन असला तरी अडत नाही. तारखांची देवाणघेवाण कशी करायची याची आयकॅलेंडर नावाची एक सर्वमान्य पद्धत १९९८ सालीच ठरली. त्यामुळे एका कंपनीचे कॅलेंडर दुसरीच्या फोनला वाचता येते. मात्र असे परक्या लिंकवरून जोडलेले कॅलेंडर ताजे व्हायला काही तास, कधी दिवसही लागतो.

म्हणूनच वादळाचा इशारा हे कॅलेंडरचे काम नव्हे, हे स्पष्ट सांगतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले. अशा वेळी घटकेघटकेला परिस्थिती पालटते. तिथे हवामान खात्याचा इशारा, संस्थेचा फोन, बंदरावरचा बावटा हेच खरे. पीक नुकसानीची सूचना कधी द्यायची, तेही कॅलेंडर बघून ठरत नाही. नियम आधी ठाऊक असावा लागतो. कॅलेंडर आधी ठरलेल्या आणि नंतर बदलू शकणाऱ्या गोष्टींसाठी आहे.

काय लिहावे, काय लिहू नये

तारखा तीन जातीच्या असतात. पहिली जात दरवर्षी त्याच दिवशी येणारी. ग्रामसभा, मासेमारी बंदी. ती एकदा लिहून दरवर्षी पुन्हा दाखव असे सांगितले की झाले. दुसरी तिथीवर चालणारी. सण, जत्रा, उधाण. तिला ही युक्ती लावू नये. नारळी पौर्णिमा पुढच्या वर्षीही त्याच इंग्रजी तारखेला दाखवणारे कॅलेंडर निरुपयोगी. या तारखा दरवर्षी पंचांग आणि भरतीचे कोष्टक बघून नव्याने लिहाव्या लागतात. तिसरी जात सरकार ठरवील तेव्हाची. विमा, ई-पीक पाहणी, अर्जांच्या मुदती, शिबिरे. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तिच्या मुदतीही पुढे-मागे झालेल्या आपण पाहिल्या आहेत. खरी कसोटी या तिसऱ्या जातीची, आणि एका वहीचा खरा फायदाही तिथेच.

लिहिताना तारखेखाली दोन ओळी द्याव्यात. कुठे जायचे, कोणती कागदपत्रे न्यायची, आणि ही तारीख कोणत्या पत्रकावरून घेतली. मुदत वाढली तर जुनी नोंद तशीच ठेवून नवी लिहू नये. जुनीच नोंद दुरुस्त करावी. नाही तर एका कामाच्या दोन तारखा दिसतात आणि पहिल्याहून घोळ जास्त.

आणि काय लिहू नये? कोणाचेही नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक, अनुदान कोणाचे आले, कोणाचा पंचनामा आहे, यातले काहीही नाही. सार्वजनिक केलेले कॅलेंडर जगात कोणालाही दिसते. गावकऱ्यांनीही सावध राहावे. अनोळखी माणूसही तुमच्या कॅलेंडरवर आमंत्रण पाठवू शकतो. 'खाते बंद होणार, इथे दाबा' असे कॅलेंडरमध्ये दिसले म्हणून ते सरकारी होत नाही. ओळखीच्याचीच आमंत्रणे घ्यावीत अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती करून घ्यावी.

वही कोणाची?

आता अवघड जागेचे दुखणे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक या पदांची नावे अलीकडे बदलली, पण गावाच्या तोंडी अजून हीच आहेत. एखादा उत्साही ग्रामसेवक स्वतःच्या खात्यावर गावाचे कॅलेंडर सुरू करतो. लोकांना सवय लागते. तीन वर्षांनी त्याची बदली होते आणि वही त्याच्याबरोबर जाते. नवा माणूस नवे कॅलेंडर काढतो किंवा काढतच नाही. म्हणून खाते माणसाच्या नावावर नको, कार्यालयाच्या नावावर हवे. चार्ज देताना दप्तर, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या जशा मोजून देतात, तसा या खात्याचा पासवर्डही यादीत हवा. जिथे ग्रामपंचायत नाही, तिथे विकास सोसायटीने किंवा मच्छीमार संस्थेने ही वही धरावी. तिचे सभासद कुठे बदलून जात नाहीत.

आमच्यापैकी काहींना हे आवडणार नाही, हेही मला ठाऊक आहे. 'आणखी एक अ‍ॅप? आधीचीच काय कमी आहेत?' तक्रार अगदी खोटी नाही. कागद भरायचा, पुन्हा मोबाइलवर भरायचा, फोटो टाकायचा, यात शेताचा बांध दूरच राहतो. पण हे अ‍ॅप वरिष्ठांना अहवाल देण्यासाठी नाही. 'साहेब, कधी येणार?' हा दिवसातून वीस वेळा येणारा फोन त्याने कमी होईल.

कुरकुरीचे दुसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही. गुरुवारी मुर्ध्याला भेट, असे सगळ्यांच्या फोनवर दिसले की गुरुवारी मुर्ध्याला जावेच लागते. गेलो नाही तर विचारणारे शंभर. तारीख गुलदस्त्यात असली की जाब द्यावा लागत नाही. मला विचाराल तर हेच या वहीचे सर्वांत मोठे काम आहे. कार्यक्रम अचानक बदलतात, वरून मिटिंग लागते, हे खरे. तर मग नोंद बदला आणि खाली कारण लिहा. शेतकरी समजून घेतो. मजुरी बुडवून आल्यावर दाराला कुलूप दिसले, म्हणजे तो समजून घेत नाही.

शेवटचा आक्षेप रास्त आहे. सगळ्यांकडे असा फोन कुठे आहे? पुष्कळ घरांत फोन एकच आणि तो कारभाऱ्याच्या खिशात. लावणी-कापणी बाईने करायची, मासळी बाजारात तिने न्यायची आणि तारीख मात्र तिला सगळ्यात शेवटी कळायची. म्हणून फोन आला तरी फळा पुसायचा नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच कॅलेंडरचे एक पान छापून चावडीवर, रेशन दुकानात, बचत गटाच्या बैठकीच्या जागी, मासळी बाजारात लावावे. पानावर छापल्याची तारीख ठळक असावी आणि मधे बदल झाला तर त्यावर पेनाने दुरुस्ती व्हावी. मूळ वही एक, पाने कितीही.

खर्च म्हणाल तर कागदाचा. वेळ म्हणाल तर आठवड्यातला अर्धा तास. एकाच गावाने, एकाच संस्थेने सुरुवात करावी. पहिल्या महिन्यात फक्त पाच तारखा लिहाव्यात, पण त्या पाचही खऱ्या असाव्यात. एक जरी नोंद शिळी राहिली तर लोक पुन्हा फोटोकडे वळतील आणि त्यांचे चुकणार नाही. विश्वास बसला की पाचाच्या पन्नास व्हायला वेळ लागत नाही.

पाऊस आपल्या हातात नाही आणि भाव तर नाहीच नाही. निदान तारीख तरी हातात ठेवू या. येत्या ग्रामसभेत, सोसायटीच्या सभेत हा विषय घ्या आणि उठण्यापूर्वी एवढे ठरवा, की वही कोणी लिहायची.